घात यायची वाट

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेल्या वाफ्याजवळ सातव्या दिवशी सकाळी मी उकिडवी बसले होते. वर काहीच दिसत नव्हतं. मातीवर खपली धरली होती आणि उन्हात जास्त वाळलेल्या पापडाला जातात तशा तिला बारीक भेगा गेल्या होत्या. एका भेगेत नख घालून तळहाताएवढा तुकडा उचलला. खाली चवळी उगवली होती. पिवळट पांढरी मान छत्रीच्या मुठीसारखी वाकलेली, दोन्ही दलं अजून मातीत अडकलेली, आणि मान मधोमध पिचलेली. शेजारचा तुकडा उचलला, तिथंही तेच. बी चांगलं होतं, ओल होती, कोंब आला होता, पण वर यायला वाट नव्हती. मला तिथंच रडू आलं. बी न उगवलं तर माणूस पुन्हा पेरतो. उगवून दाराशी आलेलं आत कोंडून मेलेलं बघवत नाही.

लग्नानंतर 26 वर्षं आम्ही पुण्यात काढली. गच्चीत कुंड्या होत्या. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपं नर्सरीतून आणायची, लावायची, पाणी घालायचं. बागेची आवड होती आणि हातही बसलाय असं वाटत होतं. मग हे निवृत्त झाले. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, गावी एकट्यानं राहणं जमेना, म्हणून आम्ही कराडजवळच्या आमच्या गावी कायमचे आलो. कृष्णाकाठ, खोल काळी जमीन, आणि घरामागं अर्ध्या गुंठ्याचं परडं. पूर्वी तिथं म्हशी बांधायचे. गोठा गेल्यावर बरीच वर्षं नुसतं गवत माजलेलं. साडेपाचशे चौरस फूट उघडी माती आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाती आली होती.

मला रोपं लावायची नव्हती, बी थेट जमिनीत पेरायचं होतं. नुसती हौस म्हणून नाही, तर जी भाजी घरात रोज लागते तिचं रोप करतच नाहीत म्हणून. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, भेंडी, गवार, चवळी हे सगळं जागेवरच पेरायचं. मुळा आणि गाजर तर उपटून दुसरीकडे लावले की संपलंच. आपण खातो ते त्यांचं सोटमूळ. शेंडा जरा दुखावला तरी मुळाला दोन-तीन फाटे फुटतात. वांगी, मिरची, टोमॅटो ही उपटून लावलेली सोसतात, म्हणून त्यांचं रोप करायचं.

पहिल्या पेरणीसाठी मी मनापासून राबले. परडं गड्याकडून खणून घेतलं, वाफे पाडले, कुजलेलं शेणखत मिसळलं. मग पुण्यात कुंडीची माती चाळायचे तशी वरची चार बोटं माती चाळणीनं चाळली. एकही ढेकूळ ठेवलं नाही. मातीत हात घातला की रव्यासारखी मऊ लागायची. चवळी, भेंडी, गवार, मेथी आणि धणे पेरले, कडेला मक्याचे आठ-दहा दाणे टोकले. आणि वरून नळी धरली. संध्याकाळी पाणी, सकाळी पाणी. ऊन चाळिशीला टेकलेलं, म्हणून वाटायचं माती सुकता कामा नये.

शेवटी आला तो मका, आणि थोडी गवार. बाकी सगळं खपलीखाली गेलं.

शेजारचे तात्या कुंपणापलीकडून बघत होते. त्यांची जन्मभर शेती. म्हणाले, "वहिनी, माती चाळलीत व्हय?"

"चाळली की."

"मग पीठच झालं तिचं. वर हरभऱ्याएवढी ढेकळं ऱ्हाऊ द्यायची. त्येंच्या आडनं बी वर येतंय." आणि जरा थांबून म्हणाले, "बी पाण्यावर न्हाई उगवत, वहिनी. ओलीवर उगवतंय."

हे शेवटचं वाक्य तेव्हा मला समजलं नाही. पाणी काय आणि ओल काय, असंच वाटलं. ढेकळांचं मात्र लगेच पटलं. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात. नळीचा जोरदार मार बसला की चाळलेली माती विरघळल्यासारखी होते, बारीक कण सगळ्या मोकळ्या जागा बुजवतात, आणि वर ऊन तापलं की त्याचाच एकसंध थर वाळतो. मका त्यातून कसा आला हेही तात्यांनी दाखवलं. मक्याचा कोंब सुईसारखा सरळ वर चढतो आणि दाणा खालीच राहतो. चवळीला आणि भेंडीला स्वतःची दोन्ही दलं डोक्यावर घेऊन वर यावं लागतं. मान वाकवून, पाठीनं माती ढकलत ती येतात. वर खपली असली की मानच मोडते. तेव्हापासून मी दलं वर आणणारं बी आणि दाणा खाली ठेवणारं बी असा फरक करायला लागले. हरभरा, वाटाणा, मका दाणा खाली ठेवतात. चवळी, भेंडी, गवार, भोपळा, काकडी, मेथी, मुळा हे सगळे वर आणतात, आणि यांच्या वाफ्यावर खपली अजिबात चालत नाही.

दुसरी पेरणी मृगाची. 7 जूनला मृग लागला की आमच्या गावात सगळ्यांच्या माना वर होतात. सोयाबीन, भुईमूग, घरात पोत्यावर पोती बियाण्याची. कृषी खातं दरवर्षी सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. ते शेतासाठी, आपलं तर अर्ध्या गुंठ्याचं परडं, असं धरून मी पहिल्याच सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बी टाकलं. मातीचा वास सुटला होता, वाफे गडद काळे दिसत होते, हात थांबेना. या वेळी माती चाळली नाही, ढेकळं ठेवली. मेथी चौथ्या दिवशी दिसली, चवळी पाचव्या. मी आत्तींना हाताला धरून परड्यात आणलं आणि दाखवलं. त्यांनी वाकून एका रोपाच्या बुडाशी बोट खुपसलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि थांबलं.

"खाली कोरडं हाय गं," एवढंच म्हणाल्या.

सर वीसेक मिनिटांची होती. वरची दोन बोटं भिजली होती आणि त्याखाली मेमध्ये तापलेली माती तशीच गरम, सुकी होती. कोंबाचं मूळ ओल शोधत खाली गेलं ते कोरड्यात गेलं. त्यानंतर बारा दिवस थेंब नाही. मी झारीनं पाणी घालत राहिले, ते पुन्हा वरच्या दोन बोटांतच. दोन पानांवर आलेली चवळी एकेक करून मान टाकत गेली. दुबार पेरणीची बातमी मी वर्षानुवर्षं पेपरात वाचत होते. पेरलेलं उगवतं आणि मग डोळ्यांदेखत वाळतं, पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा मजुरी. माझ्या एका वाफ्यातल्या चवळीचं जे झालं ते तात्यांचं तीन एकरांत दोनदा झालंय. त्या दिवसापासून ती बातमी मी वाचून पुढं जाऊ शकत नाही.

आर्द्रा लागली आणि पाऊस असा आला की परड्यात घोट्याएवढं पाणी साचलं. राहिलेली भेंडी मी तेव्हा पेरली, आता तरी ओल कमी पडणार नाही म्हणून. आठ दिवसांनी उकरून बघितली. बी फुगून मऊ पडलं होतं, दाबलं की आतून पांढरं पिळून यायचं, आणि त्याला नासलेल्या डाळीचा वास होता. एकदा तहानेनं गेलं, एकदा बुडून गेलं. मी खुरपं धुऊन आत ठेवलं आणि पावसाळाभर बी हातात घेतलं नाही.

पण परडं रिकामं नव्हतं, आणि इथंच मला माझी चूक कळायला हवी होती. कुंपणाच्या कडेला आत्तींची तीन आळी होती. दोन दुधीची, एक दोडक्याचं. अक्षय्य तृतीयेला वेलभाज्यांचं बी लावायची आमच्या घरची रीत. आत्तींनी दोन दिवस आधी माझ्याकडूनच हातभर खोल खड्डे घेतले होते, त्यात कुजलेलं खत आणि माती भरून घेतली, दोन-दोन बादल्या पाणी ओतायला लावलं आणि वर उसाचं पाचट पसरायला सांगितलं. मी लगेच बी मागितलं तर म्हणाल्या, "आता न्हाई, घात यिऊ दे." तृतीयेच्या सकाळी पाचट बाजूला करून माती मुठीत घेतली, मान हलवली, आळ्यात तीन-तीन बिया टोचल्या, वर सुकी भुरभुरीत माती ओढून तळव्यानं दाबली, पाचट परत घातलं. पाणी घातलंच नाही. पुढं चार दिवसही नाही. मेच्या त्या उन्हात! सहाव्या-सातव्या दिवशी तिन्ही आळ्यांत कोंब होते, आणि त्याच आठवड्यात दहा पावलांवर मी नळी धरून माझे वाफे थापत होते. मी ते सगळं स्वतःच्या हातानं केलं होतं आणि बघितलं नव्हतं.

घात हा शब्द आमच्या भागात कानावर सतत पडतो. पुस्तकात त्याला वाफसा म्हणतात. बोलताना दोन्ही जोडून घातवाफसाही म्हणतात. नांगरायला घात लागते, कुळवायला लागते, पेरायला तर लागतेच. सव्वीस वर्षं सुट्टीला येऊन मी हा शब्द ऐकत होते. त्याचा अर्थ मला नवरात्रात कळला.

आमच्याकडे घट बसतात. आदल्या दिवशी आत्तींनी ह्यांना रानात पाठवून बांधाकडची माती आणायला लावली. परड्यातली चालेल म्हटलं तर म्हणाल्या, नको, ती चिकट झालीय पावसानं. आणलेली माती पत्रावळीवर पसरली, त्यातले खडे वेचले पण चाळली नाही. गहू, ज्वारी, हरभरा, मूग, जवस असं धान्य मिसळून पेरलं, वर पुन्हा मातीचा पातळ थर. मधे कुंभाराकडचा मातीचा घट, त्यात गळ्यापर्यंत पाणी. मातीवर फक्त हाताच्या बोटांनी चार शिंतोडे. मी तांब्या घेऊन पुढं झाले तर आत्तींनी माझा हात धरला. "मातीवर नगं. घटात घाल."

रोज सकाळी मी घटात कमी झालेलं पाणी भरायचे. रोज अर्धा-पाऊण पेला कमी झालेलं असायचं. तिसऱ्या माळेला मूग फुटला, पाठोपाठ गहू. त्या संध्याकाळी आरती झाल्यावर मी घटाच्या पोटाला हात लावला. गार आणि ओलसर. घट पाझरत होता. भाजलेल्या मातीच्या अंगातून पाणी इतकं हळू बाहेर येत होतं की खालची माती कधी चिखल होत नव्हती आणि कधी सुकतही नव्हती. मी कडेची चिमूटभर माती उचलून बोटांत दाबली. बेसनाच्या लाडवासारखी एकत्र आली. अंगठ्यानं ढकलली, फुटली. बोटांना चिकटली नाही.

तात्यांचं पाणी आणि ओल तेव्हा डोक्यात बसलं. बी भिजलं की त्याचा श्वास जोरात सुरू होतो. त्याला पाणी लागतं तशी हवाही लागते. माती भरून वाहिली की तिच्यातल्या लहानमोठ्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि बी गुदमरतं. ते पाणी खाली उतरून गेलं की मोठ्या पोकळ्यांत हवा येते आणि बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. ती वेळ म्हणजे घात. खोल काळ्या मातीत ती उशिरा येते. मुरमाड जमिनीत लवकर येते आणि लवकर जाते. आळ्यात आत्तींनी दोन दिवस जे थांबवलं होतं ते यासाठी. आता शहरात पितळेचे, स्टीलचे, रंग दिलेले घट बसवतात आणि धान्य उगवलं नाही, कुजलं म्हणून बायका मनाला लावून घेतात, काहीतरी अशुभ झालं असं समजतात. त्यांना मी कळकळीनं सांगते, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, तुमचा घट पाझरत नाही. कुंभाराचा साधा, बिनरंगाचा घट आणा आणि पाणी त्यातच घाला.

दसरा झाला, हस्ताचा पाऊस ओसरला, चित्रा लागली. तिसरी पेरणी मी तेव्हा केली आणि ती जरा सविस्तर सांगते.

आधी बी तपासलं. घरातल्या डब्यातले धणे, दुकानातून आणलेल्या पाकिटातले धणे आणि आत्तींच्या गाडग्यातले धणे, प्रत्येकी दहा, ओल्या फडक्यात वेगवेगळ्या पुरचुंड्या करून ठेवले. दोन आठवड्यांनी डब्यातल्या दहांतले चार, पाकिटातले सात आणि गाडग्यातले नऊ मोडले होते. आत्ती बी राखेत ठेवतात. चुलीची चाळलेली राख, तीत बी, वर फडकं बांधून गाडगं फडताळात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांच्या देशी बियाणांच्या बँकेचं टीव्हीवर दाखवत होते. आत्ती पदर सावरून पुढं सरकून बसल्या होत्या. त्यांना आपल्या फडताळाची कोणीतरी दखल घेतल्यासारखं वाटलं असावं. पाकिटातलं बी बऱ्याचदा गुलाबी किंवा निळं दिसतं, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पेरून झालं की हात साबणानं धुवायचे आणि उरलेलं कधी स्वयंपाकाच्या डब्यात ओतायचं नाही.

मग माती. सगळ्या वाफ्यांना एकदाच भरपूर पाणी दिलं, पाटानं, सावकाश, हातभर खोल मुरेल असं. आणि थांबले. दुसऱ्या दिवशी मूठभर माती घेतली, हाताला काळी चिकटली. तिसऱ्या दिवशी गोळा झाला, पण कमरेच्या उंचीवरून खाली टाकला तर चपटा होऊन बसला. चौथ्या दिवशी दोन तुकडे झाले. पाचव्या दिवशी दुपारी टाकलेला गोळा जमिनीवर पडून भुगा झाला. खाली बोटभर खणून बघितलं, गार होती. मी आत्तींकडे मूठ नेली. त्यांना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही. त्यांनी माझ्या हातातली माती आपल्या हातात घेतली, दाबली, अंगठ्यानं फोडली, आणि म्हणाल्या, "आली घात. आजच्या आज कर."

खुरप्यानं वरवर माती मोकळी केली, मोठी ढेकळं फोडली, बारीक तशीच राहू दिली. वीतभर अंतरानं रेघा ओढल्या. फोकून पेरलं तर पुढं खुरपताना गवत कुठलं आणि भाजी कुठली कळत नाही, म्हणून रेघांतच. बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, याहून जास्त नाही. मेथी आणि मुळा अर्ध्या पेराएवढे, धणे जरासे खाली, गाजर आणि राजगिरा तर मातीनं नुसते झाकायचे. गाजराचं बी इतकं हलकं की चिमटीत धरवत नाही, एका जागी दहा पडतात आणि पुढं वीतभर काहीच नाही. ते चारपट चाळलेल्या वाळूत मिसळलं आणि मिठासारखं सोडत गेले.

धण्याचं काम सगळ्यात सुखाचं. धणा म्हणजे एक बी नव्हे, जोडीचं फळ आहे, आत दोन अर्ध्या बिया. अख्खा टाकला तर पाणी आत जायला वेळ लागतो. आत्तींनी फरशीवर धणे पसरून पायताणाच्या टाचेनं रगडायला सांगितलं. मला अन्नावर पाय नको वाटला, मी लाटणं फिरवलं. कुरकुर आवाज येतो आणि एकेक धणा दोन वाट्यांसारखा उघडतो. लाटणं जोरात दाबलं तर चुरा होतो, तेव्हा तळव्याचंच वजन द्यायचं. फुटलेले धणे रात्रभर भिजवून, सावलीत फडक्यावर कोरडे करून पेरले.

सगळ्या रेघांवर कोरडी भुरभुरीत माती ओढली, लाकडी फळी ठेवून हातानं दाबली. बी आणि माती एकमेकांना चिकटायला हवीत, नाहीतर मधे पोकळी राहते आणि ओल बियापर्यंत पोचत नाही. वर गोणपाट अंथरलं. आणि पाणी घातलं नाही. पुढचे चार दिवस मला झारी उचलायचा मोह दर दोन तासांनी होत होता. एकदा तर भरूनही आणली, आणि ती तुळशीला रिकामी केली.

चौथ्या दिवशी सकाळी गोणपाटाचं टोक उचललं तर मेथी. रेघच्या रेघ, एकही नांगा, म्हणजे मधे न उगवलेली रिकामी जागा, नाही. पिवळसर मान सरळ होत होती आणि डोक्यावर बियाची साल टोपीसारखी अडकलेली. गोणपाट काढायचा क्षण चुकवायचा नाही. एक दिवस जास्त राहिलं तर रोपं उजेडासाठी ताणतात, पांढरी पडतात, आणि तागाच्या धाग्यांत अडकून उपटली जातात. तेही सकाळी काढायचं नाही, एकदम ऊन लागतं. मी संध्याकाळी पाचला काढलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुळा. धणे आणि गाजराला वेळ लागतो हे माहीत होतं, म्हणून त्यांचं गोणपाट ठेवलं आणि सहाव्या दिवसापासून गोणपाटावरूनच झारीचं बारीक पाणी शिंपडलं. धणे अकराव्या दिवशी दिसले, गाजर चौदाव्या. गाजराची पहिली पानं गवताच्या पात्यासारखी असतात. ओळखू आली नाहीत तर आपणच उपटून टाकू, इतकी.

सगळंच साधलं असं नाही. राजगिऱ्याची अख्खी रेघ मुंग्यांनी नेली. एकेक दाणा उचलून ओळीनं कुंपणाकडे चालल्या होत्या. दुसऱ्यांदा पेरला तेव्हा वाफ्याभोवती कोरड्या राखेची रेघ घातली आणि ती ओली होईल तशी नवी घालत राहिले, मग राहिला. पालक तुटक उगवला, नांगे भरावे लागले. आणि शेजारच्या कोंबड्यांनी एका दुपारी मुळ्याचा निम्मा वाफा विस्कटला. मोकळी, ओलसर, नुकती हलवलेली माती त्यांना दुरून कळते. तात्यांनी त्याच संध्याकाळी बोराटीच्या काट्या तोडून आणल्या आणि वाफ्यावर आडव्या पसरल्या. रोपं बोटभर झाली की काढून टाकायच्या. पेरणी केली की काट्या आधीच आणून ठेवाव्यात, एवढं मी आता कोणालाही पहिल्यांदा सांगते.

विरळणीला माझा हात चालत नव्हता. दोन वेळा एवढं मेल्यानंतर उगवलेलं उपटायचं? आठवडाभर टाळलं. मुळे एकमेकांत दाटले, पानं लांबली, खाली गाठ धरेना. शेवटी आत्ती परड्यात पाट टाकून बसल्या आणि त्यांनी माझ्याकडून चार-चार बोटांवर एक ठेवून बाकी सगळी काढून घेतली. काढताना शेजारच्या रोपाच्या बुडाशी दोन बोटं दाबून धरायची, म्हणजे त्याचं मूळ हलत नाही. काढलेल्या कोवळ्या मुळ्यांची पानं आणि मेथीची रोपं मुळांसकट धुऊन, लसूण-मिरचीवर परतून, वर शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली. ह्यांनी ज्वारीची तिसरी भाकरी मागितली. आत्तींनी भाजीचा पहिला घास देवापुढं ठेवायला लावला होता.

भेंडी मी थंडीत पेरली नाही. तिला गरम माती लागते. गारठ्यात बी नुसतं पडून राहतं आणि सडतं. आता जानेवारी संपतोय, पहाटेचा गारवा कमी झालाय. भेंडीच्या वाफ्यांना सोमवारी पाणी दिलंय. काल मूठ नेली तर आत्तींनी दाबून परत दिली, बोलल्या नाहीत. आज दुपारी पुन्हा नेली. त्यांनी ती बराच वेळ धरून ठेवली आणि म्हणाल्या, "उद्याच्याला." मलाही परड्यात तेच वाटलं होतं. भेंडीचं बी बारा तास भिजवायचं असतं. गाडग्यातून मोजून साठ बिया काढल्या आहेत, राख फुंकून झाली आहे. जेवणं झाली की वाटीत कोमट पाणी घेऊन त्या भिजत घालणार आहे.